आखूड गाडी, उंच गाडी आणि ग्राहकाची आवड

लोकांस जें आवडतें तेंच आम्ही पुरवितों, हें वाक्य वाङ्मयाच्या क्षेत्रांत वावरणाऱ्यांस नवें नाहीं. भडक कादंबऱ्यांचे प्रकाशक तें म्हणतात, उथळ नाटकांचे मालक तें म्हणतात, आणि टीकाकारानें कपाळास आठ्या घातल्या कीं विक्रीचा आंकडा त्याच्यापुढें टाकून त्यास गप्प बसवितात. ह्या वाक्याच्या पोटांत एक गृहीत गोष्ट दडलेली असते. ती अशी कीं, आवड ही ग्राहकाच्या मनांत आधींच तयार असते, आणि धंदेवाला बिचारा हातांत टोपली घेऊन तिच्यामागून चालत असतो. ह्या गृहीताची कसून झडती घेणारा एक ग्रंथ आमच्या वाचनांत आला. तो कादंबऱ्यांविषयीं नसून मोटारींविषयीं आहे. तेव्हां वाङ्मयाच्या मासिकांत मोटारगाडी कोठून शिरली, असें वाचकांनीं म्हणूं नये. विषय मोटारीचा असला तरी प्रश्न अभिरुचीचा आहे, आणि तो आमच्या नेहमींच्याच अंगणांतला आहे.

ग्रंथाचें नांव 'हाय अँड मायटी'. ग्रंथकार कीथ ब्रॅडशर हे 'न्यूयॉर्क टाइम्स' पत्राचे बातमीदार. १९९६ पासून कांहीं वर्षें ते डेट्रॉइट येथें, म्हणजे अमेरिकन मोटारधंद्याच्या माहेरींच, त्या पत्राच्या कचेरीचे प्रमुख होते. ग्रंथ २००२ सालीं प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या ग्रंथाचा परामर्श आज घेण्याचें कारण एवढेंच कीं, तो लिहिला गेला तेव्हां जी झुंज चालू होती तिचा निकाल आतां लागला आहे. १९७५ सालीं अमेरिकेंतील शंभर नव्या गाड्यांत सुमारें ऐंशी बसक्या बांध्याच्या, म्हणजे सेदान, हॅचबॅक किंवा वॅगन, असत. अलीकडे त्यांची संख्या पंचविसांच्या आसपास आली आहे. २०१८ च्या एप्रिलांत फोर्ड कंपनीनें आपल्या बहुतेक साऱ्या बसक्या मोटारी त्या बाजारांतून काढून घेण्याचें जाहीर केलें. होंडाची फिट २०२० नंतर तेथें मिळेनाशी झाली. फोक्सवागनची साधी गोल्फ २०२१ नंतर, शेव्हरोलेची स्पार्क २०२२ नंतर. अशा रीतीनें आखूड गाडी एकेक पाऊल टाकीत बाजारांतून उठून गेली, आणि तिच्या जागीं उंच, रुंद छातीची एस्. यू. व्ही. येऊन बसली. ह्यावर तिकडील धंदेवाल्यांचें उत्तर ठरलेलें आहे : अमेरिकन माणसास हॅचबॅक आवडत नाहीं, त्यास आम्ही काय करावें ?

ह्या उत्तराकडे जरा जवळून पाहूं. सेदान गाडीस तीन खण असतात : पुढें यंत्राचा, मध्यें माणसांचा, आणि मागें सामानाचा, ज्यास आपण डिकी म्हणतों. हॅचबॅकमध्यें मधला व मागचा खण एक होतो. मागचें दार कांचेसकट वर उचललें जातें, मागची बैठक दुमडली कीं सपाट जागा होते, आणि सायकल, शिडी, गुंडाळलेला गालिचा ह्यांतलें कांहींही तींत मावतें. लांबी थोडी, पेट्रोल थोडें, गाडी उभी करण्यास जागा थोडी. आतां एस्. यू. व्ही. घ्या. पुढें यंत्राचा खण; मधला व मागचा खण एक; मागचें दार बहुधा कांचेसकट वर उचललें जातें; बैठक दुमडते; सायकल, शिडी व गालिचा मावतो. वर्णन जवळजवळ शब्दशः तेंच ! म्हणजे ज्या गृहस्थास हॅचबॅक मुळींच आवडत नाहीं म्हणून सांगतात, तोच गृहस्थ चाकांवर वीतभर उंच उचललेली, वजनानें वाढविलेली हॅचबॅक अधिक पैसे मोजून हौसेनें घरीं नेत आहे. जो पदार्थ वाटींत दिला तर नको म्हणतो आणि ताटांत वाढला तर मागून घेतो, त्या पाहुण्याची नावड पदार्थाविषयीं आहे असें कोण म्हणेल ?

मग ती कशाविषयीं आहे ? आमच्या मतें आकाराविषयीं नव्हे, आठवणीविषयीं. अमेरिकन कंपन्यांनीं १९७० सालीं ज्या आखूड गाड्या बाजारांत आणल्या, म्हणजे अमेरिकन मोटर्सची ग्रेम्लिन, शेव्हरोलेची व्हेगा व फोर्डची पिंटो, त्या कांहीं प्रेमानें घडविलेल्या नव्हत्या. जर्मन व जपानी छोट्या गाड्यांच्या आयातीस तोंड देण्यासाठीं त्या नाइलाजानें केल्या होत्या, आणि तो नाइलाज त्यांच्या अंगावर दिसत असे. व्हेगाचा पत्रा गंजे आणि तिचें यंत्र तापे. पिंटोस मागून धक्का बसला असतां तिची पेट्रोलची टांकी फुटून आग लागते, ह्या आरोपाचा इतका बोभाटा झाला कीं १९७८ सालीं सुमारें पंधरा लाख गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या. मध्यंतरीं १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें, पंपांपुढें रांगा लागल्या. १९७९ सालीं पुन्हां तोच प्रकार. त्या दिवसांत लोकांनीं आखूड गाडी घेतली ती टंचाई होती म्हणून. १९७२ च्या दुष्काळांत आपल्याकडे रेशनवर मिळालेली तांबडी मिलो ज्यांनीं खाल्ली, त्यांच्या घरीं सुकाळ आल्यावर मिलोची भाकरी कोणी हौसेनें थापली नाहीं. ती ज्वारी पौष्टिक होती कीं नव्हती हा प्रश्न मग कोणी विचारीतच नाहीं. अमेरिकन घरांत हॅचबॅकचें तसें झालें. युरोपांत रेनोची १९६१ ची चार नंबरी गाडी किंवा १९७४ ची गोल्फ ह्यांस असा दुष्काळाचा वास चिकटला नाहीं. तेथें डॉक्टरही त्या चालवीत आणि शेतकरीही. अमेरिकेंत तीच गोल्फ 'रॅबिट' ह्या नांवानें आली, १९७८ पासून पेन्सिल्व्हेनियांत तयारही होऊं लागली, आणि दहा वर्षांनीं तो कारखाना बंद पडला.

ब्रॅडशर ह्या आठवणीकडे फारसे वळत नाहींत, आणि ग्रंथांतील ही पहिली उणीव आम्हांस जाणवली. त्यांचा सारा रोख उंच गाडीवर आहे. परंतु त्या गाडीची वंशावळ मात्र त्यांनीं अशी उलगडली आहे कीं वाचकानें थक्क व्हावें. ग्रंथाचा हाच भाग सर्वांत मोलाचा. मोटार ही इंजिनिअरांनीं कागदावर काढलेली वस्तु आहे, अशी आपली भाबडी समजूत असते. येथें असें दिसतें कीं, उंच गाडीचें पहिलें रेखाटन वकिलांनीं केलें.

गोष्ट कोंबड्यांपासून सुरू होते. अमेरिकेंतील स्वस्त कोंबड्या युरोपांत खपूं लागल्या तेव्हां तेथील सामाईक बाजारपेठेनें त्यांवर भारी जकात बसविली. त्याची परतफेड म्हणून अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं १९६३ च्या डिसेंबरांत परदेशी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च अशा कांहीं जिनसांवर व हलक्या मालमोटारींवर शेंकडा २५ जकात लादली. बाकीच्या जिनसांवरील जकात पुढें उठली. मालमोटारींवरील राहिली ती राहिलीच. बसक्या मोटारींच्या धंद्यांत जपान्यांशीं रोजचा सामना, आणि मालमोटारींच्या धंद्याभोंवतीं मात्र असा उंच कोट ! डेट्रॉइटच्या कंपन्यांचें भांडवल व चित्त कोणत्या बाजूस कललें असेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

दुसरें प्रकरण १९७५ चें. तेलाच्या टंचाईनें जागें झालेल्या अमेरिकन कायदेमंडळानें त्या वर्षाच्या अखेरीस असा कायदा केला कीं, प्रत्येक कंपनीच्या मोटारींनीं सरासरीनें एका गॅलनमध्यें अमुक मैल गेलें पाहिजे. १९८५ सालासाठीं हा आंकडा २७.५ ठरला. परंतु शेतकरी, सुतार, नळकाम करणारे ह्यांच्या हलक्या मालमोटारींस इतका कडक नियम लावणें अन्याय होईल, म्हणून त्यांच्यासाठीं निराळा व सैल आंकडा ठेवण्यांत आला. हेतु चांगला होता. पण मालमोटार म्हणावें कशास ? येथें जीपगाड्या करणाऱ्या अमेरिकन मोटर्सनें व तिच्या मागोमाग इतरांनीं जो खटाटोप केला त्याची हकीगत ब्रॅडशर ह्यांनीं सविस्तर दिली आहे. शेवटीं व्याख्या अशी झाली कीं, रस्ता सोडून माळरानांतून जाण्याजोगी जिची घडण आहे ती गाडीही मालमोटारच. मग तिचा धनी जन्मांत माळरानावर पाऊल न टाको. १९७८ सालीं फार पेट्रोल खाणाऱ्या मोटारींवर कर बसला; तो मालमोटारींस नाहीं. १९९० सालीं किमती मोटारींवर चैनीचा कर बसला. सहा हजार पौंडांवरील वजनाच्या गाड्या त्यांतून सुटल्या. १९९६ पासून २००४ पर्यंत मालमोटारींचा मैलांचा आंकडा २०.७ वर जणूं खिळा ठोकून ठेवला होता. ह्या सर्व सवलती एका ओळींत मांडून पाहिल्या म्हणजे १९८४ ची जीप चेरोकी आणि १९९० ची फोर्ड एक्सप्लोरर ह्या गाड्या कल्पकतेनें जन्मल्या कीं गणितानें, हा प्रश्न उरत नाहीं. एक्सप्लोरर तर फोर्डच्या रेंजर नांवाच्या मालवाहू पिकअपच्या सांगाड्यावर बैठकी व छप्पर चढवून केली होती. सांगाडा जुना, खर्च थोडा, किंमत चढी. अशा मोठ्या गाडीमागें कंपनीस हजारों डॉलर सुटत. आखूड गाडीमागें सुटली तर चिल्लर.

पाटाचें पाणी ज्या सरीचें तोंड मोकळें केलें असेल त्या सरींत जातें. त्यावरून पाण्यास ती सरी आवडते असा सिद्धान्त कोणी काढीत नाहीं. मोटारीच्या बाजारांत मात्र तो काढला गेला, आणि इतक्या आत्मविश्वासानें कीं ग्राहकासही तो खरा वाटूं लागला. ब्रॅडशर ह्यांचा आमच्यावर सर्वांत मोठा उपकार हा, कीं त्यांनीं पाटकरी दाखवून दिला.

ह्यानंतर ग्रंथकार मनाच्या प्रांतांत शिरतात, आणि तेथें आमचें त्यांच्याशीं पूर्ण जमत नाहीं. डेट्रॉइटच्या कंपन्यांनीं क्लोटेअर रापाय नांवाच्या एका फ्रेंच वंशाच्या पंडितास सल्लागार नेमलें होतें. ह्या गृहस्थांचें मत असें कीं, माणसाच्या मेंदूंत बुद्धीचा एक थर, भावनेचा दुसरा, आणि सर्वांत तळाशीं सरपटणाऱ्या प्राण्याचा तिसरा थर असतो. वस्तु विकत घेतांना शेवटचा शब्द ह्या तळच्या थराचा. सुसरीस हवें असतें तें दोनच : आपण मरूं नये आणि आपला वंश वाढावा. म्हणून गाडी बाहेरून उग्र, दांत दाखविणारी असावी व आंतून मऊ, उबदार असावी. गंमत अशी कीं, ह्याच पंडिताच्या सल्ल्यानें क्रायस्लर कंपनीनें २००० सालीं 'पी. टी. क्रूझर' नांवाची जी गाडी काढली ती अंगानें चक्क पांच दारांची हॅचबॅक होती ! तिचीं मडगार्डें १९३० च्या काळांतल्या मोटारींसारखीं फुगवलेलीं, तोंड दांडगटाचें. मागच्या बैठकी काढून ठेवतां येत व तळ सपाट होई, एवढ्यावरून सरकारी हिशेबांत ती मालमोटार ठरली. अमेरिकन माणसानें ती लाखांनीं घेतली. जी आखूड गाडी त्यास आवडत नव्हती तीच तोंडाला रंग फांसून, नांव बदलून, कायद्याच्या वहींत वेगळ्या पानावर चढून आली, तेव्हां त्यास आवडली. आमचें हॅचबॅकविषयींचें अनुमान ह्याहून अधिक कोणत्या पुराव्यानें सिद्ध व्हावें ?

पण रापाय ह्यांची ही सुसर ब्रॅडशर ह्यांनीं जरा फारच गंभीरपणें घेतली आहे. उंच गाडी घेणारे लोक दिखाऊ, स्वतःपुरतें पाहणारे, मनांतून भ्यालेले, शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयीं उदासीन असतात, असें चित्र ते कंपन्यांच्याच बाजार-संशोधकांच्या साक्षीवरून रंगवितात. ग्राहकांस भुलविण्यासाठीं ज्यांस पैसे देऊन नेमलें, त्यांचीच साक्ष ग्राहकांच्या स्वभावाविषयीं प्रमाण मानणें हा कोठला न्याय ? कायद्याच्या प्रकरणांत जो लेखक एकही विधान कागदपत्राशिवाय पुढें जाऊं देत नाहीं, तोच येथें ऐकीव वर्णनावर इतका भार टाकतो हें पाहून आम्हांस वाईट वाटलें. शिवाय ह्या वर्णनांत एक शहरी तुच्छतेची छटा आहे. उपनगरांत राहणारी, दोन मुलांस शाळेंत पोंचविणारी आई म्हणजे सुसर नव्हे.

आमचे एक स्नेही गेलीं वीसएक वर्षें न्यू जर्सींत राहतात. त्यांच्याकडे होंडाची फिट होती. आखूड गाडीचे ते मोठे अभिमानी. पुण्यास आले कीं तिच्या मागच्या बैठकी कशा उभ्या दुमडतात व तींत त्यांनीं एकदां आख्खा कपाटाचा सांटा कसा आणला ह्याचें रसभरित वर्णन आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. मागल्या खेपेस ते आले तेव्हां कळलें कीं ती गाडी विकून त्यांनीं एस्. यू. व्ही. घेतली. आम्हीं थट्टेनें विचारलें, "काय हो, शेवटीं आवडली ना उंच गाडी ?" ते म्हणाले, "अहो, आवडीचें कसलें घेऊन बसलांत ! मागच्या गाडीचे दिवे थेट माझ्या डोळ्यांत, पुढच्या गाडीपलीकडचें कांहीं दिसत नाहीं, आणि बाजूला पाहावें तों खिडकींत दुसऱ्याचें चाक. हिला मुलांना घेऊन हमरस्त्यानें जावें लागतें. नाटकाला पुढच्या रांगा उभ्या राहिल्या तर मागच्यानें बसून काय पाहायचें ?"

ह्या उत्तरांत आम्हांस रापाय ह्यांच्या साऱ्या मेंदूशास्त्राहून अधिक तथ्य वाटलें. उभा राहणारा प्रत्येक प्रेक्षक स्वतःपुरतें शहाणपणाचेंच करीत असतो. आणि सगळे उभे राहिल्यावर कोणासच पहिल्याहून अधिक दिसत नाहीं, फक्त पाय दुखतात. स्नेह्यांची भीति पोकळ होती असेंही नाहीं. हलकी व जड गाडी समोरासमोर आदळल्यास हलकीतील माणसांस अधिक इजा होते, हें पदार्थविज्ञान आहे. तेव्हां हॅचबॅक सोडून एस्. यू. व्ही. घेणाऱ्या कित्येकांच्या बाबतींत 'आवड' हा शब्दच चुकीचा. ती इतरांच्या निवडीनें आपल्यावर लादलेली निवड आहे, आणि विक्रीच्या आंकड्यांत मात्र तिची नोंद आवड म्हणूनच होते. ब्रॅडशर ह्यांस ही शर्यत दिसली आहे; जड गाडीच्या धडकेनें बसक्या गाडीतील माणसांचें काय होतें ह्यावर त्यांनीं पोटतिडिकेनें लिहिलें आहे. परंतु हें समजल्यावर ग्राहकास सुसर म्हणण्याचें प्रयोजन उरत नाहीं, हें मात्र त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

काळानें ह्या ग्रंथाचा एक भाग जुना केला आहे, तेंही सांगितलें पाहिजे. उंच गाडी वळणावर उलटते, ह्या धोक्यास त्यांनीं बरींच पृष्ठें दिलीं आहेत, आणि तेव्हां तें योग्यच होतें. २००० च्या ऑगस्टांत फायरस्टोन कंपनीचे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. टायर फाटून गाडी उलटण्याच्या ह्या प्रकरणांत, त्यांतही मुख्यतः एक्सप्लोरर गाड्यांत, सरकारी मोजणीप्रमाणें २७१ माणसें दगावलीं. पुढें गाडी घसरूं लागतांच एकेका चाकास आपोआप ब्रेक लावणारी योजना निघाली, ती २०१२ च्या नमुन्यापासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली, आणि उंच गाडींतील चालकाच्या मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. आंत बसणाऱ्याचा धोका कमी झाला. बाहेर चालणाऱ्याचा झाला नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील रस्त्यांवर सुमारें ४,१०० पादचारी मेले होते. २०२२ सालीं ७,५०० हून अधिक. ह्याचा सारा दोष उंच गाड्यांवर टाकणें बरोबर होणार नाहीं. अंधारे, रुंद रस्ते आहेत, चालकाच्या हातांतला फोन आहे. तथापि तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनें २०२३ सालीं असें दाखविलें कीं, जिचें बॉनेट चाळीस इंचांहून उंच आहे अशा गाडीखालीं सांपडलेला पादचारी, तीस इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीच्या मानानें, मरण्याचा संभव शेंकडा ४५ नीं अधिक असतो. आखूड गाडी माणसाच्या पायांस लागते, उंच गाडी छातीस. हा बाहेरचा मनुष्य गाडीचा ग्राहक नाहीं. त्याची आवड कोणत्याही संशोधकानें कधीं विचारलेली नाहीं.

कायद्याचें काय झालें ? २००८ नंतर मैलांचा आंकडा चार चाकांनीं व्यापलेल्या जमिनीच्या मापाशीं बांधण्यांत आला. गाडी जितकी मोठी तितका तिचा नियम सैल. म्हणजे छोटें राहण्याचें जें थोडें बक्षीस होतें तेंही गेलें. २०२५ च्या जुलैपासून तर नियम मोडल्याबद्दलचा दंडच शून्यावर आणला आहे. पाटकऱ्यानें आतां दुसऱ्या सरीचें तोंड नुसतें बुजविलें नाहीं, तिच्यावर बांध घातला.

इतकें झाल्यावर एका आक्षेपास उत्तर देणें प्राप्त आहे, कारण त्यास टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. युरोपांत अमेरिकेसारखी ही मालमोटारीची पळवाट नाहीं, पेट्रोलवर जबर कर आहे, रस्ते अरुंद आहेत. तरीही २०२३ सालीं तेथील नव्या गाड्यांपैकीं निम्म्याच्या आसपास गाड्या एस्. यू. व्ही. ह्या नांवानेंच विकल्या गेल्या. मग कायद्यावर सारें खापर फोडणें कितपत योग्य ? ब्रॅडशर ह्यांच्या वेळीं हा प्रश्न उभा नव्हता, त्यामुळें त्यांचें उत्तरही ग्रंथांत नाहीं. आमचें मत असें कीं, उंचीस स्वतःची एक मोहिनी आहे आणि ती खोटी नाहीं. चढून न बसतां नुसतें सरकून बसतां येतें, गुडघे दुखणाऱ्या माणसास तें बरें पडतें. दूरवरचा रस्ता दिसतो. हमरस्त्यावर मन थोडें निवांत राहतें. म्हणून युरोपीय माणसानें आपली जुनी हॅचबॅक घेऊन ती चार बोटें उचलली, आणि तेवढ्यावर तो बराचसा थांबला. अमेरिकेंत उंचीबरोबर लांबी, रुंदी, वजन हीं सर्व वाढलीं, कारण तेथें त्या प्रत्येकीस बक्षीस लावलेलें होतें. उंचीपुरती आवड ग्राहकाची म्हणूं. बाकीचें अंग सरकारनें व कंपन्यांनीं मिळून भरलें.

अमेरिकेंतही चार बोटांवर थांबलेला एक नमुना आहे, आणि तो फार बोलका आहे. सुबारू कंपनीची इंप्रेझा ही हॅचबॅक जमिनीपासून ५.१ इंच उंच आहे. तीच गाडी ८.७ इंचांवर उचलून, कडांस काळ्या प्लॅस्टिकची किनार लावून, कंपनी क्रॉसट्रेक म्हणून विकते. अंग तेंच, दारें तींच, मागचें दार तेंच. क्रॉसट्रेक इंप्रेझेच्या कित्येक पट खपते. साडेतीन इंचांची ही किंमत वाचल्यावर आम्हांस आमच्याकडील एक प्रकाशक आठवले. न खपलेल्या सामाजिक कादंबरीस नवें वेष्टन व 'रहस्यकथा' हें उपपद देऊन त्यांनीं ती संपवून दाखविली होती. मजकुरांत त्यांनीं एक अक्षर बदललें नव्हतें.

आपल्याकडील वाचकांनीं हें सारें परदेशचें म्हणून वाचूं नये. २००६ सालच्या अर्थसंकल्पांत चार मीटरांच्या आंतील छोट्या मोटारींवरील अबकारी कर शेंकडा २४ वरून १६ वर आला, आणि थोड्याच वर्षांत भारतीय सेदानांच्या डिक्या कापल्या जाऊन त्यांचें शेपूट तुटल्यासारखें दिसूं लागलें. आज पुण्याजवळ रांजणगांवास तयार होणारी टाटांची नेक्सॉन काय, किंवा मारुतीची ब्रेझा काय, चार मीटरांच्या आंत बरोबर बसविलेली आहे. कोणा रसिकाच्या सौंदर्यदृष्टीस ३,९९५ मिलिमीटर हें माप सुचलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

ग्रंथाची भाषा बातमीदाराची, सरळ व वेगवान आहे. आंकड्यांची गर्दी कोठें कोठें दाट होते. राग आवरून लिहिलेलीं पृष्ठें राग न आवरतां लिहिलेल्या पृष्ठांहून पुष्कळ सरस उतरलीं आहेत. तथापि कायद्याचीं प्रकरणें आम्हीं दोनदां वाचलीं आणि दुसऱ्यांदां अधिक आवडीनें वाचलीं. आमची ग्रंथकारांस एवढीच सूचना आहे कीं, नवी आवृत्ति काढण्याचा योग आल्यास तींत आखूड गाडीवर एक प्रकरण जोडावें, आणि त्यासाठीं मेक्सिकोंतील सेलाया गांवीं जाऊन यावें. होंडा कंपनीनें २०१४ सालीं उघडलेल्या तेथील कारखान्यांत फिट आणि एच्. आर्. व्ही. ह्या दोन गाड्या कित्येक वर्षें शेजारीं शेजारीं तयार होत असत. मूळचा सांगाडा एकच. पुढल्या बैठकीखालीं पेट्रोलची टांकी ठेवण्याची व मागल्या बैठकी उभ्या दुमडण्याची युक्तिही एकच. एकीस हॅचबॅक म्हणत, दुसरीस एस्. यू. व्ही. पहिली बंद झाली, दुसरी राहिली. त्या दोन्ही गाड्यांचीं मागचीं दारें बसविणारे कामगार अजून तेथें असतील, तर त्यांस ह्या दोहोंत काय फरक वाटे, हें ब्रॅडशर ह्यांनीं विचारून लिहावें.